उजवा हेडफोन

सोमवारी सकाळी साडेआठला, पहिला रुग्ण यायच्या आधी, उजव्या हेडफोनमधला आवाज बसला. बंद पडला नव्हता, बसला होता. डावीकडे सूर नेहमीसारखा स्वच्छ उमटला. उजवीकडे तोच सूर कुणीतरी उशीखाली दाबून धरल्यासारखा आला आणि तिथेच विझला. तिने वायर मुळापाशी हलवून पाहिली, पिन काढून, पुसून पुन्हा बसवली, मग आवाज थोडा वाढवला. वाढवल्यावर सूर आला, पण त्याला कड नव्हती. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि वर्कशॉपला फोन लावला.

"उजवी बाजू गेलीय," ती म्हणाली.

"कधीपासून?" पलीकडून तंत्रज्ञाने विचारलं.

"शनिवारी ठीक होती."

कान-नाक-घसा विभागाच्या तळमजल्यावर, कॉरिडॉर जिथे संपतो तिथे, तिची ही खोली होती. खोलीच्या पोटात आणखी एक लहान खोली: जाड दाराची, भिंतींना भोकाभोकांचा पत्रा आणि त्यामागे कापूस ठासलेला, एका बाजूला काच. काचेच्या आत रुग्ण बसायचा, बाहेर ती. रुग्णाच्या हातात बटण, तिच्या पुढ्यात मशीन. सूर ऐकू आला की त्याने बटण दाबायचं, इकडे दिवा लागायचा. मशीन वर्षातून एकदा रीतसर तपासून यायचं, पण मधल्या दिवसांत ते धड आहे की नाही हे ठरवायला कुणाचा तरी चांगला कान लागतो, आणि तो कान तिचा होता. रोज सकाळी ती स्वतः हेडफोन चढवून सगळे सूर खालपासून वरपर्यंत ऐकायची, आधी डावीकडे, मग उजवीकडे. ऐकू येण्याच्या मोजमापात शून्य हा उत्तम आकडा. जितकं कमी ऐकू येतं तितका आकडा चढत जातो. तिचे दोन्ही कान कॉलेजात असल्यापासून शून्यावर होते आणि पन्नाशी जवळ आली तरी हलले नव्हते. विभागात तिला शून्यबाई म्हणत. नवीन आलेल्या डॉक्टरांना आधी ते कुचकट वाटायचं, मग कुणीतरी समजावून सांगायचं, मग तेही म्हणायला लागायचे. तिला ते नाव आवडत असे. नवरा होता तेव्हा म्हणायचा, शून्य मिळालं म्हणून मिरवणारी बाई मी एकच पाहिली.

तंत्रज्ञ साडेनऊला आला. लठ्ठ, घामेजलेला, खिशाला टेस्टर अडकवलेला माणूस. या इमारतीतल्या प्रत्येक मशीनबद्दल तो सासरच्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचा. त्याने हेडफोन नेला आणि दुसऱ्या खोलीतला जुना आणून दिला. तिने तो चढवला. उजवीकडे पुन्हा तेच, उशीखालचा सूर. म्हणजे हेडफोन नाही, ती म्हणाली, मशीनच्या आतच उजवी लाइन गेलीय. त्याने मान हलवली.

"उलटा घालून बघितला होतात ना, मॅडम?"

"हो," ती म्हणाली.

त्याने मशीनच्या वायरी सोडवल्या, ते ट्रॉलीवर चढवलं आणि ढकलत घेऊन गेला. तिने दारावर कागद चिकटवला, मशीन नादुरुस्त, आणि बाहेर बाकावर बसलेल्या लोकांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगायला गेली.

हेडफोन उलटा घालणं ही या कामातली पहिली शिकवण. एका बाजूने आवाज कमी वाटला तर हेडफोन फिरवायचा. उजवं डाव्या कानावर, डावं उजव्यावर. कमीपणा दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडफोनचा, जागचा हलला नाही तर दोष कानाचा. मिसरूड न फुटलेल्या शिकाऊ पोरांनाही हे पहिल्या आठवड्यात येतं. तिने स्वतः कितीतरी जणांना ते शिकवलं होतं. त्या सकाळी तिने ते केलं नाही. नंतर पुष्कळ वेळा ती त्या मिनिटात परत गेली आणि दर वेळी तिला आपले हात दिसले: हेडफोनच्या दोन्ही वाट्यांवर ठेवलेले, फिरवायच्या बेतात. मग ते खाली आले होते. का आले, हे तिला सापडत नव्हतं. फोन वाजला नव्हता, दारावर कुणी टकटक केली नव्हती. हात आपोआप खाली आले होते, जसे गरम भांड्यापासून आपसूक मागे येतात, चटका बसण्याच्याही आधी. मग तंत्रज्ञाने विचारलं तेव्हा ती हो म्हणाली, आणि म्हटल्यावर तिला क्षणभर खरंच वाटलं की आपण फिरवून पाहिला होता.

त्या आठवड्यात तिला सुट्टीच मिळाल्यासारखी झाली. मोठ्या डॉक्टरांच्या अभ्यासाचे कागद नीट लावणं, जुने आलेख तपासणं, असली कामं तिने काढली. अभ्यास तिसऱ्या वर्षात होता. एखाद्या सकाळी माणूस उठतो आणि त्याचा एक कान गेलेला असतो. मार नाही, दुखणं नाही, ताप नाही. आतल्या नसेला काय होतं ते कुणालाच नीट माहीत नाही. अशा लोकांना गोळ्या देतात. गोळ्यांच्या जोडीला कानाच्या पडद्यातून बारीक सुईने तेच औषध आत सोडलं तर जास्त फायदा होतो का, एवढंच मोठ्या डॉक्टरांना शोधायचं होतं. अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय दिलं ते रुग्णालाही माहीत नसायचं आणि तिलाही. तिने फक्त ऐकायची चाचणी घ्यायची, आधी आणि नंतर. दोन माणसांनी मोजलं की मोजणाऱ्यांत फरक पडतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळ्या चाचण्या तिनेच घेतलेल्या. अभ्यासाची अट एकच कडक होती, कान गेल्यापासून थोड्याच दिवसांत माणूस यायला हवा. उशिरा आलेल्याला घेत नसत. आणि लोक उशिराच यायचे. त्यांना आधी दुसरंच काहीतरी वाटलेलं असायचं. मोबाइल दुरुस्त करणाऱ्याने स्वतःचा फोन तीनदा उघडला होता. ट्रक चालवणाऱ्याला खिडकीचा वारा लागला असेल असं वाटलं होतं, आणि एका वकिलीणबाईंना पक्षकारच हल्ली पुटपुटतात असं. "अहो, लगेच यायचं नाही का?" ती प्रत्येकाला म्हणायची. रागावून नाही. आपल्या घरातल्या माणसाला म्हणावं तसं.

कानाला दडे बसल्यासारखं वाटत होतं, हे तिला रविवारपासूनच माहीत होतं. जरा सर्दी असेल. आत एक बारीक शिट्टीही होती, दुसऱ्याच्या घरात कुकर चढलेला असावा इतक्या लांबची. घरी तिला यापलीकडे काही जाणवलं नाही, कारण घरात जाणवायला काही नव्हतं. दोन खोल्या, एक फ्रिज, एक खुर्ची खिडकीपाशी. आतल्या खोलीतून हाक मारणारं कुणी नाही, पाठीमागून येऊन काहीतरी विचारणारं कुणी नाही. दोन कान लागतात ते घरात दुसरं माणूस असलं तर. एकट्या माणसाचं एकावर भागतं, आणि भागतंय हेही कळत नाही. फोन ती डाव्या कानाला लावायची. ही आईची सवय. आई टेलिफोनच्या ऑफिसात ऑपरेटर होती. दिवसभर उजव्या कानावर हेडफोन चढवून लोकांचे नंबर जोडून द्यायची. संध्याकाळी आली की कानाची पाळी लाल झालेली असायची आणि ती कुणालाच उजवीकडून बोलू द्यायची नाही. उजवा कान ऑफिसचा, म्हणायची, तो आता मिटला. सांगायचं ते इकडून सांगा. मग दोघी बहिणी आईच्या डाव्या बाजूला बसायला भांडायच्या. ताई मोठी, तिला नेहमी जागा मिळायची. धाकटी समोर बसायची आणि आईच्या तोंडाकडे बघायची. फोन डाव्या कानाला लावावा, उजवा राखून ठेवावा, असं तेव्हापासून तिच्या हाताला लागलेलं. कशासाठी राखून ठेवावा, हे आईने कधी सांगितलं नाही.

नवरा सहा-सात वर्षं होता. तो वाईट माणूस नव्हता. तिचे कान त्याला जड जायचे. शेजारच्या खोलीत त्याने कागद चुरगळला तरी ही विचारायची, काय फाडलंस? तो फोनवर बहिणीशी हळू आवाजात बोलायचा, आणि रात्री जेवताना ही त्यातल्या एखाद्या गोष्टीचं उत्तर द्यायची. मुद्दाम नाही, तिला वाटायचं, तो आपल्याशीच बोलत होता. शेवटी शेवटी तो घरात पाय न वाजवता चालायला लागला. जायच्या दिवशी त्याने बॅगा उचलून नेल्या, ओढत नेल्या नाहीत. चाकांच्या बॅगा होत्या. एवढं सोडलं तर त्याच्या जाण्यात लक्षात ठेवावं असं काही नव्हतं. तो आता दुसऱ्या शहरात असतो, त्याचं बरं चाललेलं आहे.

मशीन दुसऱ्या आठवड्याच्या मंगळवारी परत आलं. तंत्रज्ञाने ते जोडलं, हेडफोन जोडला आणि तिच्यासमोर स्वतःच्या डोक्यावर चढवला. त्याचं डोकं मोठं, पट्टी ताणली गेली. त्याने डोळे मिटले, एक सूर लावला, मग दुसऱ्या बाजूला लावला, मग पुन्हा.

"माझे कान म्हणजे गोदामातले, मॅडम," तो म्हणाला, "पण मला तरी दोन्हीकडून सारखंच येतंय. वर्कशॉपमध्ये मीटर लावला, तिथेही सारखंच. खालून वरपर्यंत काही म्हणजे काही निघालं नाही."

तिने त्याच्याकडून हेडफोन मागून घेतला.

"धूळ असेल बसलेली," तो म्हणाला. "वाटेत धक्क्याने निघाली असेल. माझ्या बायकोच्या मिक्सरचं तसंच आहे, दुकानात नेला की चालतो."

तो जाईपर्यंत ती हसत होती. मग तिने बाहेरचं दार लावलं, खुर्चीत बसली आणि हेडफोन चढवला. आधी नीट. उजवीकडे उशीखालचा सूर. मग दोन्ही वाट्या धरून फिरवला. या वेळी हात खाली आले नाहीत. डाव्या कानावर आता उजवी वाटी होती आणि तिच्यातून सूर असा स्वच्छ आला की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मशीन किती चांगलं आहे हे पहिल्यांदाच लक्षात यावं तसं. उजव्या कानावर डावी वाटी होती, आठवडाभर निर्दोष मानलेली. तिच्यातून उशी आली. मग तिने स्वतःची पूर्ण चाचणी घेतली, एका हाताने सूर सोडत, दुसऱ्या हाताने खूण करत. हे नियमात बसत नाही. उजव्या कानाची रेघ आलेखावर मधोमध उतरली होती, अशा रेघा तिने या तीन वर्षांत ढिगाने काढल्या होत्या. एखाद्या अनोळखी माणसाची असती तर तिने वर पाहून विचारलं असतं, "अहो, लगेच यायचं नाही का?"

मोठ्या डॉक्टरांनी घाई केली नाही, हे तिला आवडलं. त्यांनी कान पाहिला, आलेख पाहिला, पुन्हा कान पाहिला. उंच, किंचित पोक आलेले, चष्मा कपाळावर चढवून विसरणारे गृहस्थ. वीस वर्षं ती त्यांच्याबरोबर काम करत होती आणि त्यांच्या घरी एकदाही गेली नव्हती.

"रविवारपासून?" ते म्हणाले.

"हो. या नाही, त्याआधीच्या."

"बाई, तुम्ही..." एवढं म्हणून ते थांबले. मग खुर्ची ओढून तिच्या डाव्या बाजूला घेऊन आले. "गोळ्या आजपासून. इंजेक्शनही देऊ. अभ्यासात तुम्हाला घेता येणार नाही, ते तुम्हालाच माहीत आहे. सरळ औषधच देऊ, पाण्याची भानगड नाही."

"त्याने फायदा होतो का, सर?"

त्यांनी चष्मा खाली ओढला. "तेच तर आपण तीन वर्षं शोधतोय ना," ते म्हणाले.

"अंदाज?"

"अंदाज सांगितला तर अभ्यास कशाला करायचा?" आणि थोड्या वेळाने, "लवकर आलेल्यांना होतो. आपोआपही होतो काहींना. तुम्हाला मी काय सांगणार."

अभ्यासाचं काय, तिने विचारलं. दुसऱ्या रुग्णालयातून कुणी आणावं लागेल, ते म्हणाले. जुनं सगळं मोजमाप तिचं आणि पुढचं दुसऱ्याचं, हे लिहावं लागेल. लिहू. शिवाय शनिवारपर्यंतचं तिचं मोजमाप ठीकच आहे, कारण मशीन ठीकच होतं. ते हे दिलासा म्हणून म्हणाले. तिला मात्र जिन्यावरून उतरताना वाटलं, मशीन ठीक होतं हे खरं, पण ते ठीक आहे असं इतके दिवस म्हणत कोण होतं?

पहिलं इंजेक्शन बुधवारी झालं. कुशीवर झोपायचं, गेलेला कान वर. आधी पडदा बधिर करतात, मग सुई. मग अर्धा तास तसंच पडून राहायचं आणि शक्यतो गिळायचं नाही, बोलायचं नाही, म्हणजे औषध घशात उतरून जात नाही. हे तिने कितीजणांना तोंडपाठ सांगितलं होतं. सांगताना कधी लक्षात आलं नव्हतं की चांगला कान उशीत दाबला जातो आणि वरचा तर गेलेलाच असतो. म्हणजे तो अर्धा तास माणूस ज्या जागी असतो तिथे काहीच नसतं. परिचारिका तिच्याशी काहीतरी बोलली, तोंड हललेलं दिसलं. पडद्याआड कुणीतरी गेलं, पडदा हलला. आत कानात थंड काहीतरी सरकलं आणि सगळं छत एकदा सावकाश फिरून जागेवर आलं. तिला थुंकी गिळावीशी वाटायला लागली. न गिळायचं म्हटल्यावर तोंडात इतकी थुंकी कुठून येते, हा प्रश्न एका म्हाताऱ्या रुग्णाने तिला विचारला होता आणि ती हसली होती. आता ती गालात साठवत पडून राहिली, शाळेत बोलू नका म्हटलेल्या पोरीसारखी.

दिशा गेली, हे तिला रस्त्यावर कळलं. आवाज होते, सगळे होते, पण सगळे डावीकडून यायचे. मागून सायकलची घंटा वाजली की ती डावीकडे बघायची आणि सायकल उजवीकडून घासून जायची, स्वार मागे वळून काहीतरी बडबडायचा. इमारतीच्या जिन्यात पावलं वाजली की वरून उतरतंय की खालून चढतंय ते कळायचं नाही. ती कठड्याला चिकटून उभी राहायची. घरात कुठेतरी पाणी ठिबकायचं. पूर्वी ती अंथरुणात पडल्या पडल्या सांगू शकली असती, मोरीतला नळ की बेसिनचा. आता ती दोन्हीकडे जाऊन हाताने चाचपून आली. दोन्ही कोरडे होते. शेजाऱ्यांचा असेल. चांगल्या कुशीवर झोपलं की जग बंद व्हायचं आणि फक्त ती शिट्टी उरायची. पहिल्यांदा तिला त्याची भीती वाटली, मग एकदा झोप लागली, आणि जाग आली तेव्हा घड्याळाचा गजर कधीचा वाजून थांबला होता.

ताईचा फोन आला. ताई लांब राहते, नातवंडांत गुंतलेली.

"अगं, मग मला कळवायचं नाही का?"

"कळवून काय करणार होतीस?"

"काय करणार म्हणजे? काही नाही केलं तरी कळवतात माणसं." मग थोडं थांबून, "कुठला गेला?"

"उजवा."

"बरं झालं," ताई म्हणाली. "म्हणजे बरं नाही, पण आपण फोन डाव्यालाच लावतो ना. आईचं बघ कसं उपयोगी पडलं."

धाकटीला हसू आलं आणि हसताना वाटलं, ताईच्या घरात मागे भांडी पडतायत, पोरं ओरडतायत, कुणीतरी दार लावतंय, आणि हे सगळं तिच्या एका कानात एकावर एक रचलेलं येतंय, ताईचा आवाज त्यात कुठे आहे हे शोधावं लागतंय. "ये ना इकडे राहायला थोडे दिवस," ताई म्हणाली. ती म्हणाली, बघू. इंजेक्शनं संपू देत. एवढ्या आवाजात एका कानाने राहणं कसं होईल, हे तिने सांगितलं नाही.

दुसऱ्या इंजेक्शनच्या दिवशी ती कॉरिडॉरमधल्या बाकावर बसली होती, स्वतःच्याच खोलीच्या दारासमोर. दारावरचा कागद निघाला होता, चिकटपट्टीचे चार तुकडे राहिले होते. आत आता दुसऱ्या रुग्णालयातून उसन्या आलेल्या बाई बसत; निवृत्तीला आलेल्या, गोलमटोल, येताना घरून उशी घेऊन येणाऱ्या. विभागाने त्यांचं नाव पहिल्याच दिवशी पाहुणी ठेवलं होतं. बाकावर आपल्या उजवीकडे कुणीतरी येऊन बसलेलं तिला दिसलं. त्याने काहीतरी विचारलं असावं, कारण तो वाट बघत होता.

"या कानाने ऐकू येत नाही मला," ती म्हणाली.

तो उठला, तिच्यासमोरून फिरून डाव्या बाजूला येऊन बसला. "आता जमलं," तो म्हणाला. "माझा डावा गेलाय. तिकडे बसलो असतो तर दोघंही नुसते बोलत राहिलो असतो." मग म्हणाला, "मी विचारत होतो, तुमचं मशीन बरं झालं का?"

तेव्हा तिने त्याला ओळखलं. पोहायला शिकवणारे मास्तर. रुंद खांदे, केस औषधी पाण्याने पिवळट पडलेले. त्या सोमवारी बाकावर बसलेल्यांत ते होते; कान जाऊन थोडेच दिवस झाले होते, अभ्यासात नक्की बसले असते. तिने त्यांना पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं होतं, आणि ते मान हलवून, जराही कुरकुर न करता गेले होते.

"काय म्हणाले डॉक्टर?" तिने विचारलं.

"उशीर झाला म्हणे. अभ्यासात नाही घेता येणार. गोळ्या चालू आहेत. इंजेक्शन तसंच देता येतं का बघतो म्हणाले."

"मशीनला काही झालं नव्हतं," ती म्हणाली.

ते तिच्याकडे वळले.

"माझा कान गेला होता. मला वाटलं मशीन बिघडलं. मी तुम्हाला परत पाठवलं."

कॉरिडॉरमधून एक चाकांची खुर्ची गेली. मास्तरांनी ती नजरेआड होईपर्यंत पाहिली. त्यांचे हात मांडीवर होते, मोठे, बोटांच्या टोकांना सुरकुत्या पडलेले, कायम ओल्यात असलेल्या माणसाचे.

"मला वाटलं पाणी गेलंय," ते म्हणाले. "तीन दिवस एका पायावर उड्या मारत होतो. पोरं हसायची." मग, "तरी मी आलो होतो ना वेळेत."

"हो," ती म्हणाली. "तुम्ही आला होतात."

त्यांनी आणखी काही मागितलं नाही. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं, आणि मग हेही वाटलं की आपलं बरं व्हावं म्हणून त्यांनी रागवावं, ही आणखी एक मागणीच झाली. आतून त्यांचं नाव पुकारलं गेलं. तिने ते ऐकलं, त्यांनी नाही. तिने त्यांच्या बाहीला हात लावला. ते उठून आत गेले, आणि जाताना दार ओढून घेताना त्यांनी मान किंचित वाकवली. ती दार ओढताना वाकली की निरोपासाठी, ते तिला ठरवता आलं नाही.

शेवटच्या इंजेक्शननंतर गुरुवारी सकाळी तिची चाचणी ठरली. तिने त्या दिवसापर्यंत कान हाताळला नव्हता. म्हणजे हाताळला होता. बोटांनी कानापाशी केस चोळून बघायची. किल्ल्या वाजवून बघायची. कधी वाटायचं, आलं. कधी काहीच नाही. बुधवारी संध्याकाळी डाव्या कानात बोट घालून ती खिडकीशी उभी राहिली आणि खालच्या रस्त्यावरून एक बस गेली. तिला बसचा आवाज आला. मग बस निघून गेल्यावरही तो थोडा वेळ येत राहिला.

पाहुणीबाईंनी तिला काचेच्या आत बसवलं. त्या खुर्चीत ती इतक्या वर्षांत कधी रुग्ण म्हणून बसली नव्हती. खुर्ची अपेक्षेपेक्षा बुटकी होती. भिंतीवर डोक्याच्या उंचीला एक तेलकट डाग होता, मागे टेकलेल्या सगळ्या डोक्यांचा.

"तुम्हाला काय सांगायचं," पाहुणीबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या. "तरी सांगते, नाहीतर माझं तोंड दुखेल. बारीकसा जरी आला तरी दाबा. आला की काय असं वाटलं तरी दाबा."

"मला पाठ करून बसवा," ती म्हणाली.

"का हो?"

"तुमचा खांदा दिसतो. बटण दाबताना हलतो."

पाहुणीबाईंनी स्वतःच्या खांद्याकडे पाहिलं. "तीस वर्षांत कुणी सांगितलं नाही," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी खुर्ची फिरवली.

दार बंद झालं. कापसाच्या भिंतींनी सगळं ओढून घेतलं आणि शिट्टी उरली. आधी डावा कान. शून्य, शून्य, शून्य. तिचं बोट चालत होतं आणि तिला त्यात एक जुनं सुख होतं, घरी आल्यासारखं. मग उजवा. मोठे सूर आले. मग लहान होत गेले. तिने डोळे मिटले. आता एक आला होता, नक्की. आता एक येणार होता. ती थांबली. सूर सोडणाऱ्या माणसाची एक चाल असते. दोन सुरांमध्ये किती थांबायचं ते दर वेळी बदलायचं असतं, पण प्रत्येकाचं बदलणंही ठरलेलं असतं, आणि पहिल्या कानातच पाहुणीबाईंची चाल तिला कळून गेली होती. न ऐकताही ती सांगू शकली असती, आता. आणि आता. शिट्टीच्या आड काहीतरी होतं, कापडामागे माणूस उभं असावं तसं. ते बाहेरून आलं होतं की तिने तिथे उभं केलं होतं? बोट बटणावर होतं. आला की काय असं वाटलं तरी दाबा, हे तिचंच वाक्य, सगळ्यांचं वाक्य, इतकी वर्षं लोकांना सांगितलेलं; वाटणं आणि येणं यांत किती अंतर असतं, हे विचारायला त्या खुर्चीतल्या कुणालाच सुचलं नव्हतं, किंवा सुचलं असेल आणि काचेपलीकडच्या बाईला कसं विचारायचं म्हणून ते गप्प बसले असतील. तिने दाबलं. मग वाट पाहिली. मग पुन्हा दाबलं.

दार उघडलं तेव्हा हवा आत आल्यासारखी वाटली. पाहुणीबाई आलेख हातात धरून होत्या आणि त्यांचा चेहरा आनंदी होता.

"खालचे सूर वर आलेत," त्या म्हणाल्या. "चांगले आलेत. वरचे तसेच आहेत, पण खालचे बघा की." त्यांनी कागद तिच्यापुढे धरला. उजव्या कानाची रेघ डावीकडच्या टोकाला उचलली गेली होती, मग पुन्हा खाली गेली होती.

तिने रेघेवरून बोट फिरवलं. शाई अजून ओली होती, बोटाला लागली.

"खालच्या सुरांत तुम्ही मधे काही रिकाम्या जागा सोडल्या का?" तिने विचारलं. "सूर न सोडता नुसतं थांबणं?"

पाहुणीबाईंनी उशी काखेत घेतली, मग पुन्हा खुर्चीवर ठेवली.

"सोडल्या ना. दोनदा. सोडायच्याच असतात."

"मग?"

"एकदा तुम्ही दाबलंत," पाहुणीबाई म्हणाल्या. "एकदा नाही."

मोठ्या डॉक्टरांना काय कळवू, असं पाहुणीबाईंनी तिच्या डाव्या बाजूला येऊन विचारलं. आहे तसं कळवा, ती म्हणाली, रिकाम्या जागांचंही. पुढची चाचणी दोन आठवड्यांनी आहे. मास्तरांना सोमवारपासून इंजेक्शनं सुरू झाली आहेत, त्यांची चाचणी तिच्या आधी होईल. अभ्यास चालू आहे. फायदा होतो की नाही, हे अजून कुणाला माहीत नाही.